उसाच्या कडेचा घास

माझं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं बिबट्या होता, पण तो रानात असायचा आणि आम्ही गावात. कधी कुणाची शेळी जायची, माणसं चार दिवस बोलायची आणि विसरून जायची. लग्न होऊन मी खाली, कालव्याच्या पाण्यावर आले आणि चहूकडे ऊस पाहिला, तेव्हा जंगल मागं राहिलं असं मला वाटलं होतं. आता बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. त्यांनी डोंगर बघितलेलाही नसतो.

आमची वस्ती मळ्यात, गावापासून लांब. एका अंगणात दोन घरं. एकात आम्ही, दुसऱ्यात माझे थोरले दीर आणि जाऊ. दिरांना सगळे दादा म्हणतात. जावेला मी आक्का म्हणायची.

दुपारचा चहा झाला की आक्का गाईंसाठी घास कापायला जायची. घासाचा वाफा उसाला लागूनच आहे, अंगणातून दिसतो. त्या दिवशी मी अंगणात कांदे निवडत बसले होते. ती वाफ्यात वाकलेली दिसत होती. मी मान खाली घातली, परत वर केली, तर ती दिसेना. पेंढी बांधायला खाली बसली असेल असं वाटलं आणि मी आणखी थोडे कांदे निवडले. तेवढ्यात कुत्रं पळत आलं आणि अंग चोरून ओट्याखाली शिरलं. तेव्हा मी उठले.

वाफ्यात विळा पडला होता. अर्धी पेंढी बांधलेली होती. उसाच्या कडेला पाचट दबलेलं होतं, कुणी जड पोतं ओढत नेल्यावर दबतं तसं.

माझ्या हाकेवर आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं डबे बडवत, फटाके लावत आली. आक्का फार आत नव्हती. पण ती बाहेर आणली तेव्हा दादांनी मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही.

मला नंतर सगळ्यांनी विचारलं, ओरडली का? पत्रकारानं विचारलं, वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, माझ्या आईनंही विचारलं. नाही ओरडली. किंवा ओरडायला तिला वेळ मिळाला नाही. भर उजेडात, माझ्या समोर, एक बाई होती आणि मग नव्हती. मध्ये आवाजच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं रस्ता अडवला. पिंजरे लावा, शेतीला दिवसा वीज द्या, म्हणजे अंधारात पाणी धरायला जावं लागणार नाही, अशा मागण्या होत्या. बरोबरच होत्या. एकानं मोबाईल दादांच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "तुमची मागणी काय आहे?"

दादांनी हातानं मोबाईल बाजूला सारला. "माझी काय मागनी आसनार?" म्हणाले, आणि गर्दीतून बाहेर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. 'बिबट्याच्या हल्ल्यात महिला ठार.' खाली आमच्या वाफ्याचा फोटो. मी ती परत परत वाचली. महिला म्हणजे आक्का, हे काही केल्या डोक्यात बसेना.

पिंजरा लागला आणि काही दिवसांनी त्यात बिबट्या सापडला. बघायला सगळा गाव लोटला. पोरं पिंजऱ्याला चिकटून व्हिडिओ काढत होती. तो कोपऱ्यात दबून बसला होता. गजांवर आपटून नाक फुटलं होतं. मला वाटलं होतं तेवढा तो मोठाही नव्हता. दादा समोर जाऊन उभे राहिले. मग शेजारच्या वनरक्षकाला हळूच म्हणाले, "ह्योच का?"

"आत्ता न्हाई सांगता यायचं, दादा. तपासायला पाठवतो."

पुढं एवढंच कळलं, की नक्की सांगता येत नाही. त्याला गाडीतून नेलं, लोक निवांत झाले. आठवड्याच्या आत कालव्याच्या ओल्या मातीत ताजे ठसे उमटले. दादांनी मला बोलावून दाखवले आणि पायानं पुसले.

उसाला तोड आली. तोडणीची टोळी जिल्ह्याच्या पूर्वेकडची, कोरडवाहू भागातली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी कोयते घेऊन आत शिरल्याशिवाय त्यांचं चालणार नव्हतं. दुपारी त्यांच्यातली एक बाई अंगणात आली आणि माझ्यासमोर मूठ उघडली. मातीनं भरलेलं जोडवं होतं.

"बाई, हे तुमच्यातलंच आसंल."

आक्काला शेवटचं न्हाऊ घालताना एका पायात जोडवं नव्हतं, ते आम्हा बायकांच्या लक्षात आलं होतं. मी ते धुतलं आणि दादांना दिलं. त्यांनी ते खिशात घातलं. अजूनही त्यांच्या खिशातच असतं.

दादांनी त्या रानात परत ऊस लावला नाही, कांदा केला. पण तिन्ही बाजूंना दुसऱ्यांचा ऊस उभाच आहे. गाई आहेत, म्हणून घास आहे, आणि घास आहे म्हणून मला रोज तिकडं जावं लागतं. वनखात्यानं सांगितलंय, वाकून काम करताना गप्प राहू नका, मोठ्यानं बोलत राहा. बाकीच्या बायका मोबाईलवर गाणी लावतात. मला गाण्यात दुसरं काही ऐकू येत नाही, त्याची भीती वाटते. म्हणून मी बोलते. एकट्या बाईनं कुणाशी बोलायचं? मी आक्काशी बोलते. आज काय कालवण केलं, कुणाकडं कोण आलं, कुणाचं लग्न जमलं.

एकदा दादा मागं येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

"कुनाशी बोलतीस?"

मी खोटं बोलणार होते, पण म्हटलं, "आक्काशी."

त्यांनी उसाकडं बघितलं. मग म्हणाले, "कालवड गाभन हाय म्हनून सांग तिला." आणि घराकडं वळले.

मी सांगितलं. सांगून झाल्यावर विळा हातात धरून थोडी थांबले. वारा नव्हता. उसात पाचट वाजलं, आणि मी आणखी मोठ्यानं बोलायला लागले.