लुंबिनीसाठी शंभराच्या नोटा

तेव्हा नेपाळात आपली पाचशेची नोट चालत नसे. सातपूरच्या बँकेत माझ्यापुढे पांढऱ्या साडीतल्या एक आजी पाचशेच्या नोटा देऊन शंभराच्या मागत होत्या. लुंबिनीला निघाल्या होत्या. नोटा मिळाल्यावर बाकावर बसून त्यांनी त्यांचे दोन सारखे भाग केले आणि सावकाश दोन रुमालांत बांधले.

"सोबत कोण आहे?" मी विचारलं.

"आमचे हे येणार होते. कंपनीतून रिटायर झाले की दोघांनी जायचं ठरलं होतं. मागच्या वर्षी गेले ते." दुसऱ्या रुमालावरून त्यांनी हात फिरवला. "त्यांच्या वाटचे बी नेते. तिथं त्यांना जे आवडंल, ते घेईन."

त्या उन्हात बाहेर पडल्या. शेजारी कुणी असावं तशी थोडी जागा सोडून, हळूहळू चालत राहिल्या.