पडद्यांच्या दुकानाचा मेल

मंगळवारी पडद्यांच्या दुकानाचा दर आठवड्याचा मेल आला नाही, आणि प्रमिलाच्या मनात जे आलं ते काही केल्या जाईना. लेकीची, शुभ्राची नोकरी गेली असणार, आणि ती सांगत नाहीये.

अल ऐनच्या त्या फ्लॅटला नवे पडदे नकोच होते. पण शुभ्रा दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत दुकानांचे मेल हजारो लोकांना पाठवायचं काम करते, आणि हा मेल तिच्या हातचा. लेकीला न सांगता प्रमिलाने दुकानाच्या मेलच्या यादीत आपलं नाव घातलं होतं. मेल आला की समजायचं, पोरगी कामावर आहे, बरी आहे. नवरा सतीश दिवसभर हॉस्पिटलात कामावर. घरात एसीचा आवाज तेवढा. पूर्वी ती फोन करायची. "आय विल कॉल यू बॅक, आई," म्हणून शुभ्रा ठेवायची आणि विसरायची. मग प्रमिलाने फोन करणंच सोडलं.

शुभ्रा लहानपणापासून हिशेबी. मागच्या वाढदिवसाला न आलेल्या मैत्रिणींना ती पुढच्या वर्षी बोलवायची नाही. रागाने नव्हे. "दे डोन्ट वॉन्ट टू कम, आई," एवढंच म्हणायची.

ईदच्या सुट्टीत घरी आली तेव्हा ती साहेबांबद्दल सांगत होती. तहसीनसाहेब जुन्या वळणाचे. त्यांचा जुना सर्व्हर प्रत्येक मेलच्या माथ्यावर, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या हेडरमध्ये, 'हे घाऊक टपाल आहे' अशी एक ओळ घालायचा. राहू दे हबीबी, त्या ओळीने कुणाचं काय बिघडवलंय, असं साहेबांचं म्हणणं. शुभ्राने ती काढून टाकली. आता त्या ओळीला कोणी विचारत नाही, म्हणाली. मेल खरंच त्या दुकानाचाच आहे याची पक्की खूण लागते, नको असेल त्याला एका बोटात बाहेर पडता यावं लागतं, आणि जे वाचतच नाहीत त्यांना पाठवत राहिलं तर सगळ्यांचेच मेल स्पॅममध्ये जातात.

"मग न वाचणाऱ्यांचं काय करतेस?"

"एकदा विचारते, अजून हवंय का. बटण दाबलं नाही, तर खलास."

ते आठवलं तशी प्रमिलाने मागच्या मंगळवारचा मेल उघडला. तळाशी होतंच: आमचे मेल अजून हवे असतील तर इथे दाबा. तिने दाबलं नव्हतं. मेलमधल्या कुठल्याही लिंकवर बोट ठेवायचं नाही, चित्रंसुद्धा उघडायची नाहीत, हे शुभ्रानेच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. चित्रं बंद ठेवायचं फोनमधलं सेटिंगही तिनेच करून दिलं होतं. आणि चित्र उघडलं किंवा लिंक दाबली, तरच पाठवणाऱ्याला कळतं की मेल वाचला. प्रमिलाने प्रत्येक मेल अक्षर न् अक्षर वाचला होता, आणि कोणी वाचतंय हे तिकडे कधी कळलंच नव्हतं.

म्हणजे न वाचणाऱ्यांत धरून आपलंच नाव यादीतून गेलं होतं; नोकरी शाबूत होती. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पोरीला त्रास नको म्हणून आपण फोन सोडला; हे तिला कोणी सांगितलं? तिने तिच्या परीने काय हिशेब केला असेल?

प्रमिलाने फोन हातात घेतला. मीटिंगमध्ये असेल तर असू दे. मागाहून करते म्हणाली, तर मागाहूनही आपणच करायचा.