मुलाने बसवून दिलेला पंप

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मला पुण्यात नोकरी मिळत होती. बाबा म्हणाले, "तू गेलीस तर कलमांना पाणी कोण घालणार?" धाकटा भाऊ मुंबईला गेला तेव्हा त्याला हे कुणी विचारलं नाही. भाट्ये गावाच्या वर कातळावर आमची आंब्याच्या कलमांची लहानशी रोपवाटिका आहे. काळ्या पिशव्यांतली ती रोपं उन्हाळ्यात दोन्ही वेळ पाणी मागतात. मी झारी उचलली.

एका गणपतीत भावाने प्रोग्राम भरून चालवायचा एक छोटा बोर्ड माझ्या हातात ठेवला. "हौसेने घेतला ताई, पण मला काही जमलं नाही. बघ तुला उपयोग होतो का."

ऊन तापायला लागल्यावर मी तो बाहेर काढला. पाण्यात बुडवून चालवायचा छोटा पंप मागवला आणि उतावीळपणे थेट बोर्डाच्या पिनेला जोडला. पंप हललाही नाही, पिन मात्र कायमची गेली. पिन फक्त इशारा देते, मोटर फिरवण्याइतका करंट तिच्यातून मिळत नाही, हे मी शिकलेली होते. स्वतःचाच राग आला. मग दुसऱ्या पिनेवर रिले, म्हणजे इशाऱ्यावर आपोआप चालू-बंद होणारा स्विच बसवला, पंप पाण्याच्या टाकीत सोडून त्याला वेगळा अडॅप्टर दिला, ओलावा ओळखणारा सेन्सर एका पिशवीतल्या मातीत खोचला. माती सुकली की रिले टक् करून वाजायचा आणि नळ्यांतून पाणी पिशव्यांत उतरायचं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी एकटीच हसत उभी राहिले.

बाबांनी येऊन नळ्या न्याहाळल्या. पुढे कलमं न्यायला एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याला म्हणाले, "मुलाने बसवून दिलंय हो. मुंबईला असतो. डोकं आहे त्याला." मी शेजारीच तण काढत होते.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, हे मी केलंय."

"बोर्ड त्याचाच ना गो?" म्हणाले आणि आत गेले.

मे महिन्यात भाऊ आला. शेजाऱ्यांसमोर बाबांनी पंपासाठी त्याच्या पाठीवर थाप मारली. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्यात काय एवढं!" स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. "खरं का नाही सांगितलंस?"

"बाबांना बरं वाटतं ताई. तुला काय फरक पडतो?"

तो परत गेल्यावर पंप बंद पडला. बाबा अंगणातून मला हाक मारू शकले असते. त्यांनी मुंबईला फोन लावला. लगेच भावाचा फोन मला. मी सांगितलं, "पंपाच्या तोंडाशी पाला अडकला असेल." थोड्या वेळाने बाबा येऊन म्हणाले, "तो म्हणतोय पाला अडकलाय. बघ जरा."

मी टाकीत हात घालून पाला काढला. पाणी सुरू झालं. बाबा फोनवर आनंदाने सांगत होते, "अरे, तू म्हणालास तसंच निघालं!"

त्यानंतर मी गुपचूप नोकरीसाठी अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली. डिप्लोमानंतर काय केलंत, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. मी पंपाचं सगळं सांगितलं. "म्हणजे घरीच होतात," त्या म्हणाल्या. पुन्हा फोन आला नाही.

मी अजून इथेच आहे. बाबांशी कामापुरतं बोलते. भावाचा फोन वाजला की बहुतेक वेळा उचलत नाही.