निवलेला भात

थंड भाताला वास नसतो, असं मला वाटे. पण शेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांच्या डब्याचं झाकण निघालं, की कोऱ्या मडक्यासारखा मंद, पिठूळ वास छावणी भागातल्या त्या दवाखान्यात पसरायचा.

आतड्याच्या जुनाट सुजेसाठी आम्ही दोघंही तिथं येत असू. लासूर स्टेशन गावचे हे गृहस्थ शौचालयालगतचीच खुर्ची धरत, आणि तिच्यावरही स्वस्थ बसत नसत. बोटं डब्यावर वाजत राहत. रक्त थांबून सूज ओसरल्यावरच, त्याआधी घासभरही नाही, असं बजावून डॉक्टरांनी त्यांना शिजवून फ्रिजमध्ये निववलेला भात थोडा थोडा सुरू करून दिला होता. निवल्यावर भातातलं काही पिष्ट न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंचं अन्न होतं, हे ते मला पुन्हापुन्हा सांगत. वर हसून म्हणत, "बायको शिळं वाढंना. म्हणती, माझ्या माहेराला नावं ठेवतील. मग डबा मीच भरतो." घास उचलण्यापूर्वी शेजारच्या प्रत्येकाला म्हणत, "या जेवायला."

परवा मी खरंच हात पुढे केला. आठवडाभर रक्त जात होतं, पेजेवर दिवस काढत होते, आणि पुन्हा भरती व्हावं लागेल या धास्तीनं कशावरही विश्वास ठेवायला तयार झाले होते.

"रक्त जातंय का, ताई?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली. "एकच घास द्या."

त्यांची बोटं थांबली. आल्यागेल्याला जेवायला बोलावणाऱ्या त्या माणसानं डबा बंद केला, मांडीआड सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हटलं, "नाय."