एका चुलीचे तीन फॉर्म

"म्हणजे आम्ही इराकी लोक बाकीच्या अरबांपेक्षा बऱ्या स्थितीत आहोत, असं तुम्ही लिहिलंय," हनान म्हणाली. ती इंग्रजीत बोलत होती, मला नीट कळावं म्हणून सावकाश. लॅपटॉपवर तिच्यामागे एक कोरी भिंत आणि एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसत होत्या. "मी रोज ज्या बायकांना दवाखान्यात घेऊन जाते, त्यांना हे वाचून दाखवू का?"

कॉलवर पुण्याहून आमच्या केतकी मॅडमही होत्या. त्यांनी मला मराठीत विचारलं, "कल्पनाताई, टेबल सात बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर आहे, तीन वेळा तपासलंय. खोटं बोलत नव्हते. तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा बेरीज जुळली होती. पण मी हनानच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाई चिडली असती तर मीही चिडले असते, ती मात्र नुसती गोंधळली होती.

आधी माझं काम काय ते सांगते. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची. संग्रामपूरपलीकडच्या सातपुड्याच्या पायथ्यापासून ते दुसरबीडपर्यंत, जिल्हाभर हिंडून मी बावीस वर्षं सर्व्हे केले. दारोदार जायचं, फॉर्म भरून घ्यायचे. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी घरी बसून कोडिंग करायला लागले. कोडिंग म्हटलं की आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. तसलं मला काही येत नाही. फॉर्मवर लोक शब्दांत उत्तरं देतात, त्या उत्तरांना मी आकडे देते, म्हणजे मग ती मोजता येतात. एवढंच.

हे काम परदेशातल्या एका शहराचं होतं. तिथे अरब देशांतून येऊन राहिलेली बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यातल्या इराकी लोकांसाठी एक वेगळं छोटं केंद्र चालतं आणि ते हनान चालवते. ती स्वतः लहानपणी इराकमधून तिथे गेलेली. केंद्राचं मुख्य काम म्हणजे दुभाषा देणं. नव्याने आलेल्या बाईला डॉक्टरकडे जायचं असेल, तर तिची भाषा आणि इंग्रजी दोन्ही येणारं माणूस तिच्यासोबत जातं. खर्च तिथली नगरपालिका देते. यंदा नगरपालिकेने विचारलं की इराक्यांची स्थिती बाकीच्या अरबांपेक्षा खरंच वेगळी आहे का? वेगळी नसेल तर हे केंद्र बंद करून सगळ्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या अरब केंद्रात जावं. हनानच्या लोकांनी इराकी आणि बाकीच्या अरबांच्या घरोघर फिरून, त्यांचं बोलणं इंग्रजीत लिहून फॉर्म भरले आणि ते आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे आले. माझ्या टेबल सातप्रमाणे इराकी घरात कमावते हात जास्त, उत्पन्न जास्त. कच्चा अहवाल नगरपालिकेकडे गेलासुद्धा होता. बैठक दहा दिवसांवर होती.

कॉल संपल्यावर केतकी मॅडमनी मला वेगळा फोन केला. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि कायम घाईत. त्यांचं म्हणणं, क्लायंटला निकाल आवडला नाही म्हणून आपण आकडे बदलत नसतो. मलाही ते पटत होतं. तरी म्हटलं, एकदा बघते.

पहिला घोळ तर मला नावातच दिसला. एका बाजूला 'अरब' आणि दुसऱ्या बाजूला 'इराकी'. पण इराकी हेही अरबच ना? मग एकच माणूस दोन्हीकडे मोजला गेला की काय? फॉर्ममध्ये 'आपण स्वतःला कोण समजता' असा प्रश्न होता. इराकमध्ये जन्मलेल्या काहींनी तिथे 'अरब' लिहिलं होतं, काहींनी 'कुर्द', काहींनी 'असीरियन ख्रिश्चन', आणि एका आजोबांनी 'थकलेला' असं लिहिलं होतं. या शेवटच्याला कोणता कोड द्यायचा, हे मला आजही माहीत नाही.

इथे मला आमचे शकीलभाई आठवले. त्यांचं बाजारात कूलर-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे. ते अकरा वर्षं कुवेतला एसी मेकॅनिक होते, तिथे त्यांचा सगळ्या देशांच्या लोकांशी संबंध आलेला. फॉर्म कोणाला दाखवता येत नाहीत, म्हणून मी नाव-गाव न सांगता नुसतं विचारलं, "शकीलभाई, इराकी माणूस अरब असते का नाई?"

"असते बी अन् नसते बी," ते म्हणाले. "आपल्या जिल्ह्यातले समदे वऱ्हाडी हायेत का, ताई? दुसरबीडवाल्याले इचारून पाहा. जिल्हा बुलढाना, पन बोली जालन्याकडची. तुमी कागदावर त्याले काय लिहता?"

आम्ही कागदावर त्याला बुलढाणा लिहितो. तोच धडा मी इथे लावला. जो इराकमध्ये जन्मला तो इराकी, मग स्वतःला काही म्हणो. बाकी अरब देशांतून आलेले ते 'अरब'. दोन्हीकडे मोजलेले फॉर्म मी एका बाजूला आणले. हनाननेही या नियमाला होकार दिला. मला वाटलं, सुटलं. टेबल पुन्हा काढलं, तर इराकी मघापेक्षाही वर गेलेले.

आता मात्र माझं डोकं चालेना. कारण टेबल बाराही माझ्यासमोर होतं. ते दवाखान्याचं होतं. त्यात प्रत्येक घरातल्या एका बाईला विचारलं होतं की गेल्या वर्षात गरज असताना डॉक्टरकडे जाता आलं का. इराकी बायकांची उत्तरं बहुतेक 'नाही' अशीच. कारण? भाषा येत नाही, बसला पैसे नाहीत, मुलांना सांभाळायला कोणी नाही. ज्या घरात तीन-तीन माणसं कमावतात, त्या घरातल्या बाईकडे बसला पैसे नाहीत? एक टेबल म्हणतं बरं चाललंय, दुसरं म्हणतं हाल आहेत, आणि दोन्ही मीच बनवलेली. दोन दिवस मी नुसती वर-खाली स्क्रोल करत बसले. जेवणात लक्ष लागेना. भाजीत मीठ दोनदा पडलं, तर घरच्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, कारण माझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा शकीलभाईंच्या दुकानात गेले. ते एका कूलरची मोटर उघडून बसले होते. मी विचारलं, एका घरात तीन कमावते असून बाई दवाखान्यात काऊन जात नसेल?

"तीन कमावते एकाच घरात?" त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "कोनं सांगतलं एकच घर हाय म्हनून?"

"एका चुलीवर जेवतात ते."

शकीलभाईंनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "ताई, कुवेतले आमी बारा जन एकाच चुलीवर जेवत होतो. केरळचा एक, हैदराबादचे चार, दोन पाकिस्तानी बी होते. मंग आमचं काय एक कुटुंब होतं का?"

 मी तशीच घरी आले आणि मूळ फॉर्म उघडले.

आता हे नीट समजावून सांगायला हवं, कारण चूक इथेच आहे. आपल्याकडच्या सर्व्हेत कुटुंब म्हणजे चूल. ज्यांचं जेवण एका स्वयंपाकघरात शिजतं, ते एक कुटुंब. दारात गेल्यावर आम्ही घरं मोजत नाही, चुली मोजतो. एकाच घरात दोन भाऊ वेगळे शिजवत असतील तर दोन कुटुंबं. गल्लीच्या दोन बाजूंना दोन घरं असली पण जेवण एकत्र असेल तर एकच. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या तासाला हेच शिकवतात आणि मी स्वतः कितीतरी पोरींना हे शिकवलंय. चूल न विचारता फॉर्म भरणाऱ्यांना मी उभं करून बोललेली आहे.

हनानच्या लोकांनी मात्र प्रत्येक फ्लॅटचा वेगळा फॉर्म भरला होता. त्यात स्वयंपाकाबद्दलही एक प्रश्न होता. एकाच बिल्डिंगमधल्या तीन फ्लॅटच्या फॉर्मवर उत्तर होतं, 'आम्ही सगळे खालच्या फ्लॅटमध्ये शिजवतो.' ते वाचून मला काय आनंद झाला होता! मी म्हटलं, बघा, या लोकांना एवढंही कळत नाही, एका कुटुंबाचे तीन फॉर्म भरलेत. मी तिन्ही जोडून एक केला. तिन्ही घरांचे कमावते आणि तिन्ही उत्पन्नं एकत्र केली. दवाखान्याचं उत्तर पहिल्या फॉर्ममधल्या बाईचं ठेवलं. उरलेले दोन फॉर्म 'जादा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. अशा कितीतरी बिल्डिंगा होत्या. बाकीचे अरब तिथे जुने, आपापल्या घरात आपलं शिजवणारे, त्यामुळे त्यांचा एकही फॉर्म जोडला गेला नव्हता. हे सगळं मी कोणाला न विचारता केलं होतं, आणि वर नोटमध्ये अभिमानाने लिहिलं होतं, 'दुबार कुटुंबं दुरुस्त केली.' ती नोट वाचताना मला इतकी लाज वाटली की मी लॅपटॉप बंद करून ओसरीत जाऊन बसले.

आमच्या संध्याकाळी त्यांची सकाळ होते, तेव्हा मी हनानला कॉल लावला. केतकी मॅडमना आधीच सगळं सांगितलं होतं.  हनानला मी विचारलं, ते तीन फ्लॅटवाले एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

"नाहीत. त्या बिल्डिंगमध्ये राहायला येईपर्यंत ओळखही नव्हती."

"मग एकत्र का शिजवतात?"

"कारण दोन घरांतल्या बायका कामाला जातात आणि तिसरी सगळ्यांची मुलं सांभाळते. वेगळं शिजवायला कोणाकडे वेळ आहे आणि कोणाकडे पैसा?"

मी तिला आमच्याकडची रीत सांगितली. आमच्याकडे एका चुलीवर वीस माणसं जेवत असली की लोक त्या घराला मोठं घर म्हणतात. ती म्हणाली, तिच्या आजोळीही तसंच होतं. इथे मात्र जमेल तसं भागवतात. मग तिने विचारलं, "तुमच्या त्या 'जादा'मध्ये किती बायका आहेत?" मी आकडा सांगितला. 

फॉर्म वेगळे केले आणि चार दिवसांत सगळं काम पुन्हा झालं. टेबल सात पार उलटलं. इराकी घरं खाली गेली आणि टेबल बाराशी मेळ बसला. पण केतकी मॅडमची भीती वेगळी होती आणि ती रास्त होती. नगरपालिकेने पहिला अहवाल वाचला होता. आता केंद्राच्या बाईने हरकत घेतल्यावर आकडे बदलले, असंच कोणालाही वाटणार. चूक खरी होती हे पटवायचं कसं? मॅडम म्हणाल्या, ऑफिसच्या नावाने एक मोघम दिलगिरी पाठवू. मी म्हटलं, मोघम लिहाल तर केंद्र जाईल. चूक माझ्या नावावर लिहा, आणि मी काय केलं ते फॉर्मच्या नंबरांसकट लिहा.

बैठकीला त्यांनी मला कॉलवर बसवलं. तिथल्या अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या देशात कुटुंबाची व्याख्या हीच आहे?" मी म्हटलं, हो. "मग ती इथे लावायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणीच नाही. मला वाटलं, सगळीकडे हीच असते. त्याने ते लिहून घेतलं. नंतर त्याने 'जादा'मधले फॉर्म मागवले आणि बैठक थांबवून स्वतः वाचले. एका बाईच्या फॉर्मवर कडेला नोंद होती की दवाखान्यात तिच्याकडून एका कागदावर सही घेतली, पण कशावर सही केली ते तिला अजून कळलेलं नाही. तो फॉर्म त्याने दोनदा वाचला.

केंद्र राहिलं. आठवड्यातले पाच दिवस होते त्याचे चार झाले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघू असं ठरलं. मला याहून चांगल्याची आशा होती, हनानला नव्हती. महिन्याने तिने कळवलं की सहीवाल्या बाईला घेऊन ती दवाखान्यात जाऊन आली. कागद ऑपरेशनचा होता. बाईला ते नको होतं आणि तारीख आठ दिवसांवर आली होती. आता रद्द झालंय.

मी तो मेल बसून वाचला, मग उठून पाणी प्यायले, मग पुन्हा वाचला. त्या बाईने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती, आणि ती उत्तरं मी माझ्या हाताने बाजूला टाकली होती.

हल्ली नवं काम आलं की मी आधी एकच मेल पाठवते: तुमच्याकडे कुटुंब कशाला म्हणतात, ते लिहून कळवा. उत्तर येईपर्यंत फॉर्म उघडत नाही. केतकी मॅडम म्हणतात, यात चार-चार दिवस जातात. जातात.