आठशे एकोणीस नंबर

लॅरिसा लग्नांचे फोटो काढते. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या गव्हाच्या मुलखात तिच्या हाताची सर दुसऱ्या कुणाला नाही, आणि तिच्याइतक्या शिव्याही दुसऱ्या कुणी खाल्लेल्या नाहीत. "माणूस मरत होता आणि ही बया फोटो काढत होती!" सहा वर्षं झाली, गाव अजून तेच उगाळतंय. गावाला दुसरं काम काय!

ते लग्न टॅमीचं. टॅमीचा बाप वासिल म्हणत होता, "फोटोवाली कशाला? माझा भाचा काढेल की." त्याची बायको नेटी मात्र हटून बसली.

"तुझा भाचा दोन बिअर पोटात गेल्या की फोटोत सगळ्यांची मुंडकी उडवतो. आणि घरच्या माणसाला या कामाला जुंपलं की तो ना धड जेवतो, ना नाचतो, ना एका फोटोत दिसतो. बाहेरचं माणूस लाव. त्याला रडू फुटत नाही, त्याचा हात हलत नाही."

नेटीचा शब्द न् शब्द खरा ठरला, आणि तोच लॅरिसाच्या मानगुटीवर बसला. जेवणं झाली, हॉलमध्ये पोल्काचा नाच सुरू झाला. वासिल लेकीला घेऊन गरगरा फिरत होता. फिरता फिरता थबकला, छातीवरचा शर्ट त्याने मुठीत आवळला आणि तो खाली बसला. अकॉर्डियन बंद पडलं. भाच्याच्या हातातला फोन गळून पडला. लॅरिसाचा हात तेवढा हलला नाही. वीस वर्षांची सवय. समोर काही घडलं की बोट आपसूक दाबलं जातं. आपण काय करतोय हे तिला कळेपर्यंत अकरा फोटो निघाले होते.

"नाच सुरू झाल्यावर मी कॅमेरा ठेवून दिला होता," असं सांगून तिने टॅमीला अल्बम दिला. ते अकरा फोटो मात्र तिला पुसवले नाहीत, की बघवले नाहीत. म्हणजे बघितले तिने, शंभरदा बघितले. तेव्हापासून पोल्का वाजला की तिची नजर म्हाताऱ्यांच्या हातांवर जाते. एकदा तर खिशातला चष्मा चाचपणाऱ्या एका आजोबांना तिने धावत जाऊन खुर्चीत बसवलं. आजोबा असे भडकले म्हणता!

परवाच्या जानेवारीत, भर दुपारी, नेटी तिच्या दारात उभी राहिली. बाहेर उणे तीस. हातात गोठवलेल्या पेरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचा, डबा.

"तेता, तुम्ही?" लॅरिसा दार धरून उभी राहिली. तेता म्हणजे तिकडच्या युक्रेनी लोकांची मावशी. गावातल्या सगळ्याच वयस्कर बायका तेता.

"मीच. भूत बघितल्यासारखं काय करतेस? आत घे आधी, नाक गळून पडेल माझं." कोट न काढताच नेटी बसली. "ते फोटो दाखव."

"कुठले?"

"लॅरिसा, मला वेड्यात काढू नकोस. तुझा फ्लॅश सगळ्या हॉलने बघितलाय." नेटीचा आवाज खाली आला. "नाताळच्या जेवणात माझा दीर प्यायला आणि बोलून गेला, वासिल शेवटी दाराकडे बघत होता म्हणून. मला शोधत होता म्हणून. आणि मी मेली हॉलच्या मागे सिगरेट ओढत होते! सोडली म्हणून त्याला शपथेवर सांगितलेली सिगरेट. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. तो घाबरला होता का गं? मला एवढंच बघायचंय."

लॅरिसा कॉफी ठेवायच्या निमित्ताने उठली, संगणक आपल्याकडे वळवला आणि एक फोटो गुपचूप बाजूला केला. मग दहा फोटो तिने पडद्यावर नेटीपुढे मांडले. नेटीने एकेक पडद्याला नाक लावून बघितला. वासिल नाचतोय. वासिल थबकला. वासिल खाली बसला. पुढच्यात तो आडवा, आणि लोकांच्या पाठी.

"अठरानंतर वीस कसा?" नेटीने विचारलं. कॅमेरा प्रत्येक फोटोला आपण होऊन नंबर घालतो, आणि नेटीने तीस वर्षं ट्रॅक्टरचे सुटे भाग नंबरावरून विकले होते. "आठशे एकोणीस कुठाय?"

"तेता, तो नका बघू."

"नवरा माझा होता, तुझा नव्हता. काढ."

लॅरिसाने काढला. वासिल जमिनीवर बसलेला, छातीवर मूठ, मान वळवून दाराकडे बघणारा. तोंड अर्धवट उघडं. लॅरिसाला वाटलं, आता ही बाई इथेच कोसळणार.

नेटी पडद्यावर वाकली. मग चक्क हसली.

"अगं, हा घाबरलेला नाही! ही बाई पुन्हा फुंकायला गेली वाटतं, असा चेहरा आहे हा. चाळीस वर्षं बघितलाय मी. त्याला माहीत होतं, मेल्याला सगळं माहीत होतं!" हसता हसता तिला हुंदका आला, आणि मग ती ढसाढसा रडली. लॅरिसाही रडली. सहा वर्षं आपण ज्याला भीती समजत होतो तो नुसता वैताग होता! तिला इतकं हलकं वाटलं की तिने नेटीचे हात धरले.

"हाच मोठा करून दे मला," डोळे पुसत नेटी म्हणाली. "भिंतीवर लावीन."

"आत्ता देते, तेता."

"पण सगळा नको." नेटीने आपला तळहात आडवा धरून पडद्यावर टेकवला, वासिलच्या हनुवटीच्या बरोबर खाली. शर्ट आवळलेली ती पांढरी पडलेली मूठ तिच्या हाताखाली झाकली गेली. तिने लॅरिसाकडे बघितलं नाही. "इथपर्यंतच छाप."

लॅरिसाने तिथपर्यंतच छापला. नेटी तो चेहरा कोटाच्या आत धरून घरी गेली, आणि ती मूठ लॅरिसाकडे राहिली.