घाटातलं विमान

विमानाचा शोध लागून गेलाय, हे मी नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आपल्या गावात न्हाई लागलेला," तो म्हणाला आणि पाइप कापायला बसला.

त्याचं आळेफाट्याला गॅरेज आहे. दिवसा ट्रकखाली आणि संध्याकाळी विमानाखाली, असा आमचा संसार. मोटारसायकलचं इंजिन, पाइपांचा सांगाडा आणि पंखांवर मंडपवाल्याकडचं जुनं गुलाबी कापड. हे सगळं सासऱ्यांच्या गोठ्यात. आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. मामांचे बैल शर्यतीचे, घरातल्या माणसांपेक्षा जास्त लाडाचे. विमान आल्यापासून ते बाहेर छपराखाली होते आणि मामा कुणाशी धड बोलत नव्हते.

शेवटी त्यांनीच निकाल लावला. "जत्रा झाली का घाटात पळव. उडालं तर ठिव. न्हाई उडालं तर तिथनंच भंगारात घाल. परत इमानाचं नाव काढायचं न्हाई."

नवऱ्याने बैलाच्या वशिंडावर हात ठेवून कबूल केलं. आमच्यात वशिंडावर दिलेला शब्द मोडत नाहीत. मला गोठा रिकामा हवा होता, ते खरं. पण लाकडाचा पंखा तासताना त्याचं तोंड जसं दिसायचं, तसं मी लग्नातही पाहिलं नव्हतं. ते विमान कापलेलं मला बघवणार नव्हतं.

घाट म्हणजे बैलगाडे पळवायचा चढ. खालून सुटायचं, वर निशाण गाठायचं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी विमान खाली आणून तोंड वर करून उभं केलं. घाटात पळायचं म्हणजे वरच, त्यात विचारायचं काय? नारळ फुटला, भंडारा उधळला, मीही विमानाच्या नाकाला भंडाऱ्याचं बोट लावलं. मग कुणीतरी म्हणालं, "फुडं घोडी पायजेच." गाड्यापुढे घोडी पळते, तिच्यामागे बैल. विमानापुढेही घोडी दिली.

इंजिन सुरू झालं. घोडी जन्मात पळाली नसेल एवढी पळाली. विमान मागून धुरळा काढत चढलं आणि चाकांवरच निशाणापलीकडे जाऊन थांबलं. भोंग्यावरच्या माणसाने सवयीने सेकंद सांगितले. कालच्या शर्यतीत सगळ्यात मागे पडलेल्या गाड्यापेक्षाही जास्त होते.

"फुडच्या वर्षी बैलं जुपा, राव!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले आणि जेवायला गेले.

घाटावर आम्ही तिघेच उरलो. खाली रस्त्यावर भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला होता. बोलावणारे मामाच. नवरा चाकाला टेकून बसला होता. मी पाणी दिलं, ते त्याने इंजिनवर ओतलं.

"ढकलायला मानसं न्हाईत," मामा म्हणाले. "चालू करून ने खाली."

आम्ही विमानाचं तोंड उताराला फिरवलं. ते निघालं, जोर धरत गेलं, आणि निम्म्या घाटात चाकांखालची धूळच थांबली. इंजिनचा आवाज तेवढाच होता. चाकं नुसतीच फिरत होती. मी मामांचा दंड धरला. सासऱ्यांना मी कधी हात लावलेला नाही, हे मला नंतर सुचलं.

घाट संपला तरी ते वरच होतं. मग कांदा काढलेल्या वावरात उतरलं, म्हणजे पडलं. एक पंख मोडला. आम्ही धावत पोचलो तेव्हा नवरा तोंडातली माती थुंकत होता.

"उडालं का गं?" तो म्हणाला. "मी डोळं मिटलं व्हतं."

मला रडू आलं. मान हलवली, तेवढीच.

"किती उडालं?"

चाकांखालून शेळी गेली असती, तीही मान खाली घालून. मी तसं सांगायला तोंड उघडलं, पण मामा आधी बोलले.

"बैल जाईल खालनं," ते म्हणाले. "शिंगांसकट."

मग टेम्पोवाल्याकडे वळून त्यांनी हात हलवला. "जा, पावणं. आमच्यात भंगार न्हाई."

स्वतःच्या बैलांबद्दलही मामा कधी एवढं खोटं बोलले नव्हते.